घरबसल्या वाकाटक: होतकरू संशोधकांसाठी

सर्वप्रथम एक प्रतिपक्षी निवडावा. पुरावे काय, नंतरही जमवता येतात. वाकाटक राजघराण्याच्या बाबतीत ते आहेतच मोजके: काही ताम्रपट, अजिंठ्याचे लेख. मतं मात्र मुबलक.

मग वा. वि. मिराशींचा १९६३ चा वाकाटक लेखसंग्रह मिळवावा. भांडारकर संस्थेत किंवा डेक्कन कॉलेजात तो उघडून बसलं की माणूस आपोआप अभ्यासू दिसतो.

श्रीगणेशा पुणे ताम्रपटापासून करावा. तो कोरला विदर्भात, सापडला पुण्यात, मूळच्या नगरच्या एका तांबटाकडे. तांबटाच्या घरात राहूनही तो वितळला नाही, यावर प्रस्तावनेत अर्धं पान सहज निघतं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता, वाकाटकांची विधवा राणी, युवराज दिवाकरसेनाच्या वतीनं कारभार पाहते आहे. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून ती चनालस्वामी नावाच्या आचार्यांना डंगुण गाव देते. वंशावळ सांगते ती माहेरची. नवरा रुद्रसेन ओझरता येतो. इथे सूचक 'हं' म्हणून पान उलटावं.

चतुःसीमा नीट वाचाव्यात: विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. सातबाऱ्यावरून तीन पिढ्या भांडलेल्या घरातल्या मुलांना हा भाग विशेष सोपा जातो. मिराशींनी डंगुण म्हणजे हिंगणघाट असं सुचवलं आहे. लगेच मान डोलावू नये, किंमत राहत नाही.

मिती कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे एकादशीचं पारणं आणि दान एकाच दिवशी. कारभाराचं वर्ष तेरावं. खरी मेख इथे आहे. तेरा वर्षं उलटूनही मुलगा युवराजच कसा? पुढे रिद्धपूरच्या ताम्रपटात बाई दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणून येतात; दिवाकरसेनाचं नावही नाही. वारला असावा, असं बहुतेक जण म्हणतात. पहिला निबंध यावरच लिहावा, कारण खोडून काढायला पुरावा कोणापाशीच नाही.

शेजारी थोडक्यात उरकावेत: नल अंगावर आले, विष्णुकुंडी सोयरे झाले. भाऊबंदांना मात्र ऐसपैस जागा द्यावी. अजिंठ्याचा हरिषेण राजा ज्या शाखेचा, ती वत्सगुल्माची, म्हणजे आजच्या वाशीमची, वेगळी पाती होती हे १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट मिळाल्यावर उलगडलं. घर विभक्त झाल्याचं कळायला जेमतेम दीड हजार वर्षं गेली.

परदेशी तळटीप हवीच. अलारिकच्या व्हिसिगोथांनी ४१० मध्ये रोम लुटलं. सम्राट थिओडोसियसची मुलगी गाला प्लासिदिया त्यांच्या हाती लागली, त्यांच्याच राजाची, अथाउल्फची, राणी झाली आणि ४२५ पासून लहान मुलाच्या नावानं पश्चिम रोमचा गाडा हाकू लागली. तिची प्रभावतीशी तुलना करावी. दोघींचा संबंध काय, असं कोणी विचारलंच तर 'समांतर प्रक्रिया' म्हणावं.

चर्चासत्रात वॉल्टर स्पिंक यांचं नाव जेवणाआधी काढू नये. अजिंठ्याची बहुतेक उत्तरकालीन लेणी हरिषेणाच्या काळात, वीसेक वर्षांतच झाली, हे त्यांचं मत ऐकताच सभागृहाचे दोन भाग होतात आणि श्रीखंड तसंच राहतं.