रविवारचा फिटर

रविवारचा फिटर ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आढळतो. सोमवार ते शुक्रवार तो बँकेत, विमा कार्यालयात किंवा ऐरोलीच्या एखाद्या आयटी कंपनीत असतो, आणि तिथे त्याच्या अंगावर कसलीही खूण दिसत नाही. रविवारी सकाळी साडेनवाच्या सुमारास मात्र तो विटका बनियन आणि अर्धी चड्डी घालून, एका हातात पान्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात शनिवारचा पेपर घेऊन लिफ्टमधून उतरतो. पेपर फरशीवर अंथरण्यासाठी असतो. अंथरल्यावर तो त्यातली एखादी बातमी उकिडवा बसून वाचतो, आणि पहिला अर्धा तास तिथेच जातो.

हा प्रकार आनुवंशिक असावा, निदान त्याची स्वतःची तशी खात्री असते. डोंबिवलीच्या फिटरचे वडील किंवा काका हमखास कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये होते. ठाण्याच्या फिटरचे वागळे इस्टेटीत. तिथे ते हजेरीपुस्तक सांभाळत की कॅन्टीनचा हिशेब, याने काही बिघडत नाही. प्रीमिअरचा कारखाना केव्हाच बंद पडला आणि नाव उरले ते सभांच्या मैदानाला, पण ‘मशीन आमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य अजून पूर्ण क्षमतेने चालू आहे.

आधीच्या पिढीला हा नाद लागायला वावच नव्हता. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या गाड्यांना पुढे ड्रम ब्रेक. ब्रेक सैल पडला की तारेचा नट थोडा आवळायचा, विषय संपला. लायनर चाकाच्या पोटात दडलेले असत, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाला मत नसे. १९९९ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीबीझेडने आणि २००१ च्या बजाज पल्सरने डिस्क ब्रेक मध्यमवर्गाच्या दारात आणून उभा केला. डिस्क, कॅलिपर, पॅड, सगळे उघड्यावर आले. जे दिसते ते आपल्याला खोलता येते, अशी या माणसाची समजूत असल्याने पुढचे सगळे ओघाने आले.

नादाला सुरुवात आवाजाने होते. ब्रेक हलका दाबला की पुढच्या चाकातून ‘चींऽऽ’ असा बारीक, लांबट सूर निघतो. वेगात असताना तो येत नाही, करकचून ब्रेक दाबला तरी येत नाही. गाडी जेमतेम थांबत असताना येतो, म्हणजे नेमका डोंबिवलीच्या फडके रोडवर, गणेश मंदिराच्या आसपास, संध्याकाळच्या गर्दीत. ज्या रस्त्यावर पाच मिनिटे हॉर्न वाजवला तरी कुणी मान वळवत नाही, तिथे या सुराला चारचौघे वळून बघतात. त्याला तो अपमान रात्रभर पुरतो. ब्रेक कमी लागत असल्याची तक्रार त्याने आयुष्यात कधी केलेली नसते. ब्रेक वाजतो, हे त्याचे दुःख असते.

आवाजामागचे कारण तसे साधे आहे. डिस्कवर दाबलेला पॅड सलग घासत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा झाले की डिस्क आणि कॅलिपर थरथरतात आणि ती थरथर कानाला ऐकू येते. पॅड स्वच्छ आणि नीट बसलेला असेल तर ती जागच्या जागी जिरते. पॅड ज्या पिनेवर सरकतो तिच्यावर घाण साचली, पॅडला दाबून धरणारी स्प्रिंगची पट्टी ढिली झाली, किंवा पॅडचा पृष्ठभाग चकचकीत आणि टणक झाला, की ती मोकाट सुटते. या पट्ट्यात तिन्हींची उत्तम सोय आहे. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चे काम, कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२ चे, आणि उरलेल्या गल्ल्यांत काँक्रिटीकरण. पावसाळ्यात या सगळ्याची राड कॅलिपरमध्ये शिरते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिथेच वाळते. शिवाय बहुतेक गाड्या घर ते स्टेशन एवढ्याच धावतात. त्यात ब्रेक कधी जोरात दाबलाच जात नाही आणि पॅड वरवर घासून नुसते चकाकतात. म्हणजे दहांतल्या बऱ्याच गाड्यांना नवे पॅड लागत नाहीत, सफाई लागते. पण सफाई हे तांत्रिक काम आहे हे त्याला मान्य नाही. घरातले पंखे पुसायचा विषय निघाला की तो याच कारणाने खाली जातो.

निदान सोसायटी करते. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका ‘डिस्क वाकलीय’ म्हणून मोकळे होतात. वॉचमन दोन थेंब तेल सोडायला सांगतो. हा सल्ला ऐकणारेही आहेत. तेल सोडल्यावर आवाज ताबडतोब जातो. ब्रेकही जातो. तेल प्यायलेला पॅड कितीही धुतला तरी भरवशाचा राहत नाही, तो फेकावाच लागतो. तेवढ्यापुरती वॉचमनमुळे नवीन पॅडची विक्री होते. गंज सोडवण्याचा स्प्रे डिस्कवर मारणारे याच वर्गात मोडतात, फक्त त्यांनी तो सल्ला व्हिडिओवरून घेतलेला असतो.

मुहूर्त बहुधा दसऱ्याच्या आधीचा रविवार. खंडेनवमीला पान्यांच्या डब्याची पूजा व्हायची असते, आणि न वापरलेल्या हत्यारांची पूजा करणे त्याच्या मनाला पटत नाही. नवे पॅड आदल्या संध्याकाळी आलेले असतात. दुकानदाराने फक्त गाडीचे नाव आणि वर्ष विचारले होते; त्याने एमएच ०५ चे आरसी बुक पुढे केले आणि ‘ओरिजिनलच द्या’ असे तीनदा सांगितले.

प्रत्यक्ष कामाचा क्रम ठरलेला आहे, आणि चुकांचाही. कॅलिपर चाकावर घट्ट असतानाच पॅडची पिन ढिली करून घ्यायची असते, कारण तेव्हाच पान्याला जोर मिळतो. ही गोष्ट त्याला कॅलिपर सोडवून हातात घेतल्यावर आठवते. मग तो दोन बोल्ट पुन्हा बसवतो, पिन ढिली करतो आणि दोन्ही बोल्ट पुन्हा काढतो. बघणाऱ्या मुलांना ही पद्धत असल्याचे सांगतो. जुने पॅड निघतात. त्यांवरची खाच पुसली गेली असेल तर ते संपले. खाच शाबूत असेल तर काचपेपरवर हलके घासून, कडा किंचित मारून परत बसवता येतात. खाच बहुधा शाबूतच असते. तो ती बघतो, पॅड खिशात घालतो आणि नवे फोडतो. आणलेत तर बसवायलाच हवेत.

नवा पॅड जाड असतो, म्हणून बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याआधी पिस्टनचा उघडा भाग ब्रशने साफ करायचा, नाहीतर सगळी माती सीलवरून आत जाते. यासाठी तो घरून जुना टूथब्रश मागवतो. वरून उत्तर येते, ‘अहो, निळा घेतलात तो माझा होता!’ पिस्टन आत गेला की हँडलवरच्या डबीतले ब्रेक ऑइल वर चढते. डबी आधीच काठोकाठ भरली असेल तर ते टाकीवर ओघळते, आणि डॉट ३ असो वा डॉट ४, हे ऑइल रंग खाते. लगेच भरपूर पाणी ओतले तर टाकी वाचते. तो आधी चिंधीने पुसतो, आणि टाकीवर नकाशा उमटतो.

खरा अनर्थ याच्यापुढे आहे. कॅलिपर लोंबकळत असताना ब्रेकच्या लिव्हरला कुणीही हात लावायचा नसतो. दुसऱ्या मजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा तेवढ्यात सीटवर चढतो, तोंडाने गाडीचा आवाज काढतो आणि वळणावर आल्यामुळे ब्रेक दाबतो. पॅड नाहीत, मध्ये डिस्क नाही. दोनचार दाबांत पिस्टन ‘टुप्’ करून शनिवारच्या पेपरवर येऊन पडतो. पाठोपाठ ऑइल. मुलाला कुणी रागवत नाही, कारण त्याचे आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी असतात. आता ब्रेकमध्ये हवा शिरलेली असते, ती काढल्याशिवाय लिव्हर स्पंजासारखा मऊच राहणार, आणि हवा काढायला एक पान्यावर आणि एक लिव्हरवर अशी दोन शहाणी माणसे लागतात. पार्किंगमध्ये यावेळी अकरा असतात.

पिस्टन सुटला नाही तरी मामला सुखरूप संपतोच असे नाही. ‘घट्ट असलेला बरा’ या न्यायाने बोल्ट आवळताना ॲल्युमिनियमचा आटा जातो. ग्रीस पॅडच्या पाठीला बोटभर पुसायचे असते, ते उत्साहात तोंडालाही लागते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाल्यापासून चाकाजवळ एक बारीक वायरही आली आहे. ती ओढली गेली की मीटरवर पिवळा दिवा लागतो. तो दिवा आधीपासूनच होता, असे काकांना सांगण्यात येते.

दुपारी दीडच्या सुमारास गाडी गेटबाहेर पडते. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला जातो आणि ‘चींऽऽ’ येते.

पिन साफ झालेलीच नसते. सोमवारी संध्याकाळी तो नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी उभी करतो आणि लांब जाऊन चहा पितो. पोऱ्या पिन काढतो, पॉलिश पेपरने घासून चकाचक करतो, स्प्रिंगची पट्टी चिमटीत जरा वाकवतो, कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांना किंचित ग्रीस लावतो आणि विचारतो, ‘काका, पॅड कुणी टाकले? छान आहेत.’ चहाचा ग्लास संपायच्या आत आवाज बंद. सोसायटीत मात्र नवे पॅड रुळायला एक दिवस लागतो असे जाहीर होते, आणि ते पूर्ण खोटेही नाही.

या माणसाची थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हवे की पार्किंगमधल्या साठ गाड्यांपैकी एकाच गाडीचा पॅड कुणीतरी वर्षातून एकदा डोळ्यांनी पाहतो. बाकीचे एकोणसाठ जण ‘चीं’ जाऊन ‘खर्र’ येईपर्यंत थांबतात. ‘खर्र’ म्हणजे पॅड संपून त्याची पत्री पाठ डिस्कला घासते आहे. त्यानंतर पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते आणि बिलाचा आकडा ऐकून माणूस खुर्ची शोधतो.

नव्या पॅडची पकड पहिले शे-दोनशे किलोमीटर कच्ची असते, आणि लिव्हर कडक होईपर्यंत जागेवरच आठदहा वेळा दाबल्याशिवाय गाडी हलवायची नसते. फिटर हे विसरतो. तेव्हा रविवारी दुपारी टिळकनगरात किंवा नौपाड्यात बनियनवर, हेल्मेट न घालता, मान वाकवून पुढच्या चाकाचा कानोसा घेत कुणी येताना दिसला, तर रस्ता ओलांडणाऱ्यांनी कृपया त्याला आधी जाऊ द्यावे.