सत्तावीसशेकर

पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर त्यातली टक्केवारी वाचून व्हायच्या आत जो माणूस तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहतो आणि आवाज खाली आणून "मग, गाडी घेताय की पैसे?" असं विचारतो, तो तुमच्याही ऑफिसात आहे. नाही म्हणू नका. फार तर तुमचा तिसऱ्या मजल्यावर बसत असेल. आमच्या चिंचवडच्या कंपनीतला दुसऱ्या मजल्यावर बसायचा.

हा माणूस फायनान्समध्ये असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. फायनान्सवाल्यांना दुसऱ्याच्या पैशांचा कंटाळा आलेला असतो. आमचे हे गृहस्थ होते क्वालिटीत. दिवसभर बेअरिंगचे व्यास मोजायचे आणि जेवणाच्या सुट्टीत लोकांचे पगार. त्यांचं खरं आडनाव इथे देत नाही. तसंही मॅनेजरपासून कॅन्टीनच्या पोऱ्यापर्यंत सगळे त्यांना सत्तावीसशेकर म्हणत.

नावाची हकीकत अशी. मॅनेजर झालात की एचआर एक फॉर्म देई. कंपनीकडून गाडी घ्या, लीजवर, पेट्रोल आणि ड्रायव्हरसकट. नाहीतर तेवढ्याच खर्चाचा भत्ता दरमहा रोख घ्या. एका चौकटीत खूण करायची, बस. पण खूण करायला पेन उघडलं की सत्तावीसशेकर हजर.

"भत्ता चाळीस हजार धरा," ते सुरू करत. "तो पगारच. तीस टक्के कर, वर उपकर. बारा हजार तीनशे साठ गेले. आता गाडी घ्या. बारा लाखांची गाडी, पेट्रोल कंपनीचं, ड्रायव्हर कंपनीचा, शनिवारी तुम्ही बायकोला घेऊन महाबळेश्वरला जाताय. या सगळ्या सुखाची सरकार किंमत किती लावतं?"

इथे ते थांबत. समोरच्यानं "किती?" म्हटल्याशिवाय पुढे सरकत नसत. ज्याला उत्तर पाठ होतं त्यालाही म्हणावं लागे.

"सत्तावीसशे! सोळाशे सीसीपर्यंतच्या गाडीचे अठराशे, ड्रायव्हरचे नऊशे. महिन्याला! त्यावर कर आठशे चौतीस."

एकदा हा हिशोब गाडीत बसून, ड्रायव्हरच्या देखत झाला. तो बिचारा चाकणपर्यंत गप्प होता. मग आरशात बघून म्हणाला, "साहेब, ते नऊशे मला पगाराशिवाय वेगळे मिळणार का?" सत्तावीसशेकरांनी त्याला आयकराचा नियम ३ समजावून सांगितला. त्याला तो समजला की नाही कोण जाणे, पण परत येताना सगळे स्पीडब्रेकर आम्हाला नीट समजले.

सत्तावीसशेचा हा आकडा लागू झाला २००९ साली. त्याआधी २००१च्या नियमात बाराशे अधिक सहाशे, म्हणजे अठराशे होते. त्या काळातली मंडळी सांगतात की तेव्हा ते अठराशेकर होते. मधे २००५ साली चिदंबरम यांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स आणला आणि गाडीवरचा कर नोकराऐवजी कंपनी भरू लागली. खरं तर नोकरांनी पेढे वाटायचे दिवस. पण सांगायला आकडाच उरला नाही, त्यामुळे हे गृहस्थ वाळत चालले. २००९च्या बजेटात प्रणव मुखर्जी यांनी तो कर काढून टाकला, नवा आकडा आला आणि गड्यानं पुन्हा बाळसं धरलं.

सोळाशे सीसी ही त्यांची लक्ष्मणरेषा. पलीकडे पाऊल टाकलं की अठराशेचे चोवीसशे होत. ह्युंदाईची व्हर्ना बाजारात होती, तिचं इंजिन १५९१ सीसीचं. "नऊ सीसीनं वाचली!" असं ते सद्गदित होऊन सांगत. कोरियातल्या इंजिनिअरांनी आपला आयकर नियम टेबलावर उघडा ठेवूनच इंजिन आखलं असणार, अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्या व्हाइस प्रेसिडेंटांनी मात्र टोयोटाची अठराशे सीसीची ऑल्टिस मागवली. सत्तावीसशेकर लिफ्टमध्ये शिरले आणि हात जोडून म्हणाले, "सर, दोनशे सीसीपायी सहाशे रुपये वाढतात. त्यावर कर महिना एकशे पंच्याऐंशी रुपये चाळीस पैसे. विचार करा." व्हाइस प्रेसिडेंटांनी विचार केला आणि पुढच्या वर्षीपासून जिना वापरायला लागले. ती ऑल्टिस पार्किंगमध्ये दिसली की सत्तावीसशेकर तिच्याकडे दारूला लागलेल्या भाच्याकडे बघावं तसं बघत.

खऱ्या भाच्याचीही गोष्ट आहे. त्याला मुलगी बघायला गेले होते. मुलाच्या आईनं सहज सांगितलं, "आमच्या मुलाला गाडी आहे हो." सत्तावीसशेकरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "गाडी आहे म्हणजे, वापरायला आहे. आरसी बुकावर नाव लीजिंग कंपनीचं. नोकरी सुटली की गाडीही सुटली." दिवाणखान्यात शांतता. मुलाच्या आईचा चेहरा असा झाला की भाऊ आहे म्हणून वाचला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण काका, लीज संपल्यावर रेसिड्युअल व्हॅल्यूला विकत घेता येते ना?" सत्तावीसशेकर उठून उभे राहिले. "आमच्याकडून पसंत आहे," म्हणाले. मुलानं तोवर तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. लग्न झालं. ते अजून टिकलंय. मात्र दर एप्रिलमध्ये त्या घरात काय चालत असेल याची मला कल्पना आहे.

आता गंमत ऐका. सगळ्या कंपनीला गाडी घ्यायला लावणारा हा माणूस स्वतः भत्ता घ्यायचा. बारा हजार तीनशे साठ दरमहा सरकारच्या पदरात घालून, स्वतःच्या पैशांनी घेतलेली जुनी वॅगन आर स्वतःच चालवत यायचा. "का हो?" असं विचारलं तर "माझा हिशोब वेगळा आहे," एवढंच. लोक तर्क लढवत. ड्रायव्हरशी पटत नसेल. बायकोनं धमकी दिली असेल. मला वाटायचं, लोकांना सांगण्यातच त्यांचं पोट भरत असावं.

तो वेगळा हिशोब त्यांनी मला एकदाच सांगितला. ऑडिटसाठी रात्री थांबलो होतो, कॅन्टीन बंद झालं होतं. नव्वदच्या दशकात त्यांचे एक साहेब निवृत्त झाले. जनरल मॅनेजर. निरोप समारंभ झाला, शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, भाषणं. साहेबांची गाडी त्याच संध्याकाळी नव्या साहेबांना घेऊन गेली. कोणाचा दुष्टपणा नव्हता. गाडी कंपनीची, चावी कंपनीची, घरी कसं जाणार हे विचारणं कोणाच्या कामात बसत नव्हतं. साहेब हायवेवर नारळ घेऊन उभे. "मला म्हणाले, डेक्कनला इथून कुठली बस जाते रे? इतक्या वर्षांत त्यांनी बसचं तिकीट काढलं नव्हतं. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. गणपती त्यांनी मांडीवर धरला होता."

मग ते पुन्हा ऑडिटच्या कागदांकडे वळले.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. कंपनीत कोणीही निवृत्त झाला की समारंभ संपताना गेटशी ती वॅगन आर उभी असे. ज्यांना त्यांनी गाडी घ्यायला लावली, ते सगळे मावळे शेवटच्या दिवशी चावी आणि ओळखपत्र एकाच खिडकीत जमा करून याच गाडीतून घरी गेले. अगदी जिन्यानं जाणारे व्हाइस प्रेसिडेंटसुद्धा. त्या प्रवासात सत्तावीसशेकर काय बोलत असतील याचा अंदाज करून आम्ही हसायचो.

मग ते स्वतः निवृत्त झाले आणि आपल्याच गाडीतून गेले. तोवर तो आकडा रुपयानंही हलला नव्हता. नंतर माझीही वेळ आली. चावी दिली, सही केली, बाहेर आलो. रिक्षावाला कोथरूडला यायला तयार होईना, आणि रस्त्याच्या पलीकडून हॉर्न वाजला. "बसा. गुच्छ मागे ठेवा, गिअरला लागतो."

चांदणी चौकापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी त्याची तयारीच केली नव्हती. ट्रक किती वाढलेत, वगैरे मीच बडबडत राहिलो.

घरी आल्यावर मात्र त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर माझं नाव, जन्मतारीख, कंपनीच्या सुपरॅन्युएशन फंडातली माझी अंदाजे रक्कम. ती त्यांना कुठून कळली हे विचारण्यात अर्थ नव्हता. खाली दोन रकाने: तिसरा हिस्सा एकदम उचलायचा, की सगळ्याचंच दरमहा पेन्शन घ्यायचं. सगळी आकडेमोड हातानं केलेली, खाडाखोड न करता पुन्हा उतरवलेली. फक्त एक जागा रिकामी होती.

"वहिनी," त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "ह्यांच्या घरात माणसं साधारण किती वर्षं जगतात?"

बायको कुकर हातात घेऊन दारात आली. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "मामंजी शहाऐंशीचे होऊन गेले, भाऊजी. आणि आत्याबाई अजून आहेत, एक्याण्णव चालू आहे."

"उत्तम!" सत्तावीसशेकरांनी पेनाचं टोपण काढलं. "मग हे नव्वदीपर्यंत धरू. दरमहाचंच घ्या."