उबदार जादूकथा वाचण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

इंग्रजीत सध्या 'कोझी फँटसी' नावाच्या प्रकाराला बरे दिवस आहेत. जादू आहे, पण जग बुडायला आलेलं नाही; प्रेम आहे, पण कोणी कोणाला पळवून नेत नाही. ही पुस्तकं कशीही वाचून भागत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी सुतारकाम चालू होतं (म्हणजे बंद होतं), तेव्हा मी ती ओळीनं वाचली. त्या अनुभवाच्या बळावर इच्छुकांसाठी हे मार्गदर्शन.

आधी जागा. खिडकीजवळची, पण पावसाची झड आत येणार नाही अशी. गोधडी जुनी, धुऊन मऊ झालेली. एरवी चहा चालतो, पण सुरुवात ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या 'लेजंड्स अँड लाटेज'नं करणार असाल तर कॉफी लागेल. दालचिनीही जवळ ठेवा. मसाल्याच्या डब्यातली चालेल, नुसती हुंगायची आहे. वाचन अर्धवट टाकून बेकरी शोधत फिरणाऱ्यांची गय केली जाणार नाही.

नायिका व्हिव ही ऑर्क, म्हणजे आपल्या राक्षसांची तिकडची लांबची नातलग. तलवारबाजीला कंटाळून ती थून नावाच्या शहरात येते, घोड्यांचा जुना तबेला विकत घेते आणि तिथे कॉफीचं दुकान टाकते. शहरात कॉफी कोणी पाहिलेली नाही. घरातलं कोणीतरी खांद्यावरून डोकावून "यात घडतं काय?" असं विचारेलच. "नवीन भट्टी येते," असं शांतपणे सांगावं आणि पान उलटावं.

आता मुख्य कौशल्य : जादू नेमकी कुठे आहे ते ओळखणं. नवशिका वाचक व्हिवनं जमिनीत पुरलेल्या नशीब उघडणाऱ्या दगडाकडे पाहत बसतो. साफ चूक. खरी जादू कॅल नावाच्या सुतारात आहे. हा हॉब जातीचा, ठेंगणा, मितभाषी. व्हिव त्याला गोदीवर गाठते. तो येतो. येतो म्हणाला म्हणून येतो! काम करतो, पुरं करतो आणि वर चौकशीलाही येतो. मी हा भाग तीनदा वाचला. आमचे सुतारदादा "उद्या सकाळी नक्की" म्हणून गेले, त्यानंतर गणपती आले आणि गेलेही. चिंची चेटकिणीला टाळ्या वाजवत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना गमतीदार चेटकीण नवी नाही. नवा आहे तो हा सुतार.

एकदा नजर तयार झाली की अशा जागा सापडत जातात. थूनमधली गुंडांची म्होरकी हप्ता मागते आणि शेवटी तडजोड होऊन दर आठवड्याला दालचिनीचे रोल घेऊन गप्प बसते. टी. जे. क्लून यांच्या 'द हाउस इन द सेरुलियन सी'मध्ये तर कमालच. लायनस बेकर हा सरकारी तपासनीस एका बेटावरच्या अनाथाश्रमाची पाहणी करायला जातो. सहा मुलं, त्यातला एक साक्षात सैतानाचा मुलगा. लायनस तिथल्या आर्थर नावाच्या संचालकाच्या प्रेमात पडतो, ते ठीक आहे, माणूस आहे. पण त्याचा अहवाल वरिष्ठ मान्य करतात आणि आश्रम चालू राहतो. इथे गोधडी घट्ट धरावी.

प्रेमाबाबत संयम हवा. कांदेपोह्यांच्या एका बैठकीत होकार-नकार उरकणाऱ्यांना हे जड जाईल. व्हिव आणि तिची मदतनीस टँड्री एकत्र काम करतात, रात्री दुकान आवरतात, एकमेकींची विचारपूस करतात, आणि बोलत मात्र नाहीत. टँड्री मोहिनी घालणाऱ्यांच्या जातीतली, म्हणून गाव तिच्याबद्दल नको ते समजून चालतं. बाई खरं तर भलतीच कामसू आहे. मध्यरात्री "अगं, आता तरी बोल!" असं ओरडू नये, घरचे उठतात. चुंबन पार शेवटाकडे येतं. मला हा उशीर आवडला. दोघी एकमेकींच्या कामाच्या सवयी ओळखून मगच प्रेमात पडतात, आणि ते पटतं.

एक धोका. दुकानाला आग लागते. घाबरू नये, सगळे मिळून ते पुन्हा बांधतात आणि कॅल पुन्हा येतो.

बाल्ड्री यांचा व्यवसाय ऑडिओबुकं वाचण्याचा. महिन्याभरात कादंबरी लिहायच्या उपक्रमात, नोव्हेंबर 2021 मध्ये, त्यांनी 'लेजंड्स अँड लाटेज'चा खर्डा लिहिला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ती स्वतःच प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मोठ्या प्रकाशकानं ती पुन्हा काढली. म्हणजे मजकूर, छपाई आणि दुसरी आवृत्ती सगळं मिळून साधारण वर्ष.

आमच्या बाल्कनीचा दरवाजा अजून भिंतीला टेकून उभा आहे. वाचकांपैकी कोणाकडे सुताराचा नंबर असेल तर कृपया कळवावा. माणूसच हवा असं नाही.