चुनखडीचे उपयोगिता प्रमाणपत्र

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास, म्हणजे लोकहितासाठी विश्वस्तांच्या हवाली केलेली मालमत्ता, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कक्षेत येतो. त्यामुळे येरमाळा गावाच्या माळावर अनुदानातून बांध घालणाऱ्या एखाद्या संस्थेलाही आपला ताळेबंद देवस्थानांप्रमाणेच अनुसूची ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची ९ मध्ये बसवावा लागतो. लेखापरीक्षकाने उत्तरे द्यावयाच्या छापील प्रश्नावलीत, ५,००० रुपयांवरील दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या काय, असा एक प्रश्न असतो. आज एवढ्या रकमेत संडासाचे दार आणि चौकट यांपैकी एकच वस्तू धड येते. परंतु प्रश्न म्हातारा झाला म्हणून उत्तर देणाऱ्याची सुटका होत नाही.

अंदाजपत्रक हा संस्थांच्या दफ्तरातील ललित वाङ्मयाचा प्रकार मानावा लागतो. येत्या वर्षी डिझेल काय भावाने मिळेल आणि पाऊस कधी पडेल, हे त्यात लेखाशीर्षनिहाय, म्हणजे खर्चाच्या ठरावीक खात्यांनुसार, छातीठोकपणे नोंदवलेले असते. प्रत्यक्षात अनुदानाचा हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी येतो, तो मार्चअखेर खर्ची पडला नाही तर ‘अखर्चित निधी’ म्हणून संस्थेच्या कार्यक्षमतेवर डाग ठेवतो आणि घाईने खर्ची पडला तर ‘मार्चमधील खर्चाचे प्रमाण अधिक’ असा दुसरा.

परदेशी निधीची कथा अधिक भाविकतेची आहे. परदेशी निधीविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतच उतरतो, मग येरमाळ्याकडे निघतो; त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. हिशेब ठेवण्याचा आणि अहवाल लिहून सादर करण्याचा खर्च नियमांनी याच प्रशासकीय खात्यात घातला आहे, म्हणजे जे केल्याशिवाय सरकार सोडत नाही, ते फार केलेले सरकारला खपत नाही. देशी देणगीदारांचे धोरणही फारसे वेगळे नाही: प्रत्येकाला स्वतंत्र नमुन्यात त्रैमासिक अहवाल हवा असतो, मात्र तो भरणाऱ्या लेखापालाचा पगार द्यायचा म्हटले की निधी ‘थेट लाभार्थ्यांसाठी’ असल्याचे सर्वांना एकदमच आठवते.

हिशेबाच्या या शास्त्राच्या कसोटीवर येरमाळ्याची येडेश्वरी देवीची यात्रा मुळीच टिकणार नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत असंख्य भाविक चुनखडीचे खडे वेचून वाहतात, आणि या कामासाठी कोणीही तीन कोटेशने मागवल्याचे दिसत नाही. वेचलेले खडे ही ‘वस्तुरूप देणगी’, म्हणजे पैशाऐवजी मालाच्या रूपाने आलेले योगदान, असल्याने त्यांचे बाजारभावाने मूल्यांकन व्हायला हवे होते. वेचणाऱ्यांचा हजेरीपट आणि वेचण्यापूर्वीचे व नंतरचे जिओ-टॅग छायाचित्र हवे होते. आणि निधी संपल्यानंतर भक्ती कशी टिकवणार, याचा शाश्वतता आराखडा तर हवाच होता. यांपैकी काहीही नसताना यात्रा दरवर्षी भरते, ही गोष्ट लेखापरीक्षणाच्या दृष्टीने गंभीर आक्षेपास पात्र आहे.

खरी अडचण अशी की, कागदाची परीक्षा घेणारी व्यवस्था कागदात हुशार असणाऱ्यालाच उत्तीर्ण करते. रोजंदारीवरच्या बाईने अंगठा उमटवलेल्या, ऊन-घामाने चुरगळलेल्या पावतीवर शेरा येतो, आणि जिथे बांधच नाही तिथल्या बांधाचे बिल, एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, रेव्हेन्यू तिकिटासह इतके नीटस असते की त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. प्रामाणिक संस्थाही मग हळूहळू हे सौंदर्य शिकते. ३१ मार्चनंतरच्या आठवड्यात तिचे अर्धे मनुष्यबळ बांध सोडून व्हाउचरांना क्रमांक घालत बसलेले असते. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे दिलेला पैसा दिलेल्या कारणासाठीच खर्च झाल्याची लेखी ग्वाही, याच आठवड्यात जन्माला येते. त्यावर सनदी लेखापालाची सही लागते, सहीला शुल्क लागते, शुल्क प्रशासकीय खात्यात पडते, आणि त्यामुळे ते खाते मंजूर मर्यादेपेक्षा थोडे वाढल्याची नोंद तोच लेखापाल आपल्या अहवालात प्रामाणिकपणे करतो.