अक्षरी रुपये

आमच्या सोसायटीच्या पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहिण्याचं काम वर्षानुवर्षं एक मॅक्रो करत आलाय. तो लिहिला कोणी, ठाऊक नाही. विरजणासारखंच. आपण शेजारून आणलेलं, शेजारणीने जावेकडून. मूळ दही कुठल्या घरचं, कोण विचारतो?

मार्चअखेर खजिनदारांनी फाइल 'नीट' सेव्ह केली. एक्सएलएसएम होती, ती एक्सएलएसएक्स झाली. एक्सेलने बजावलं होतं. काकांनी न वाचता 'येस' म्हटलं. तेव्हापासून रकमेखाली नुसतं 'नेम' आणि प्रश्नचिन्ह. पावती उलट आपल्यालाच नाव विचारते!

माजी सेक्रेटरींनी जुनी फाइल मेलने पाठवली. उघडली तर लाल पट्टी. २०२२पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेले मॅक्रो दाराबाहेरच उभे करते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर खूण केली, ऑल्ट-एफ८ दाबलं, तर यादी रिकामी.

मग मायक्रोसॉफ्टचाच नमुना आणून चिकटवला. रंगकामाचे सव्वा लाख टाकले. उत्तर आलं, 'वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड डॉलर्स अँड नो सेंट्स'. रंगारी खूश झाला असता.

म्हटलं, मराठीतच करू. पण इंग्रजीला वीस आणि एक जोडून चालतं. आपल्याकडे नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येकाचा संसार वेगळा. एकोणऐंशी टाइप केलं, तर व्हीबीएच्या खिडकीत प्रश्नचिन्हांची रांग. तिला देवनागरी येतच नाही. सगळे शब्द वेगळ्या शीटवर मांडायला बसलो. 'सत्त्याहत्तर'मध्ये त किती, यावर घरात वाद पेटला आणि प्रकल्प तिथेच थांबला.

पुढे कधीतरी कळलं, की ऑल्ट-एफ८च्या यादीत सूत्रात बसणारी फंक्शन्स दिसतच नाहीत. ऑल्ट-एफ११ दाबलं. माजी सेक्रेटरींच्या फाइलीत, मोड्यूल१मध्ये स्वारी निवांत बसलेली. लाख, कोटी, शेवटी 'ओन्ली', सगळं जागच्या जागी. मोड्यूल एक्सपोर्ट केलं, नव्या फाइलीत इम्पोर्ट केलं, फाइल आठवणीने एक्सएलएसएम केली आणि २,२४०ची पावती काढली. 'फोर्टी'मध्ये एक 'यू' जास्त. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुरुस्त करणार होतो. तेवढ्यात मेव्हण्याने त्याच्या सोसायटीची पावती व्हॉट्सॲपवर पाठवली. तो राहतो नागपूरला, आम्ही ठाण्याला. त्याच्याही 'फोर्टी'त तोच 'यू'.