पावसाचा मार्चअखेर

सरकारी कचेरीतला मार्चचा शेवटचा आठवडा ज्याने आतून पाहिलाय, त्याला हवामानशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. अकरा महिने ‘तरतूद नाही’ हे एकच उत्तर मिळत असतं. मग पंचवीस-सव्वीस तारखेला वरून अनुदान उतरतं, आणि एकतीसच्या रात्रीपर्यंत खर्ची पडलं नाही तर परत जाणार, असा निरोपही सोबत येतो. लगेच टेम्पो लागतात. कपाटं उतरतात, ठेवायला जागा नाही म्हणून जिन्यात उभी राहतात. रात्री अकरा वाजता कोषागाराच्या खिडकीपाशी बिलांचे गठ्ठे कवटाळून शिपाई ताटकळत असतात, झेरॉक्सचं मशीन तापून बसलेलं असतं, आणि लेखापाल एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हाताने बेरीज जुळवत असतो. दुसऱ्या दिवशी अहवाल जातो: वार्षिक उद्दिष्ट शंभर टक्के साध्य.

गेली काही वर्षं पाऊस याच कार्यपद्धतीने काम करतोय. आपल्याकडे शिकला आणि आता परदेशातही राबवतोय, असा माझा अंदाज आहे.

दुबईचंच घ्या. तिथे वर्षाकाठी सरासरी पंच्याण्णव मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईच्या विमानतळावर चोवीस तासांत १४२ मिलिमीटर पडला, म्हणजे दीड वर्षाचं अनुदान एका दिवसात खर्ची. त्या दिवशी मंगळवार होता. महाबळेश्वरकरांना एवढा पाऊस म्हणजे जुलैतला कुठलाही मंगळवार. छत्री घेतली की भाजी आणायला निघाले. पण वाळवंटात पावसाच्या पाण्याची गटारं गरजेपुरतीच असतात, आणि गरज कधी पडलेली नव्हती. धावपट्टीवर विमानं बोटींसारखी पाणी कापत चालली. तिथल्या आपल्या मंडळींनी त्याचे व्हिडिओ ठाणे-पुण्यातल्या नातलगांना धाडले, आणि वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे असं काही होत नाही हं’ हे वाक्य सहन केलेल्या नातलगांनी ते मन लावून पुढे पाठवले.

दोषी कोण, याचा निकाल त्याच संध्याकाळी लागला: कृत्रिम पाऊस. अमिराती गेली अनेक वर्षं विमानांतून ढगांत क्षारांचे कण सोडते, त्यामुळे संशयित हाताशीच होता. त्या वादळात असा कुठलाही प्रयोग केलेला नाही, असं तिथल्या हवामान केंद्राने सांगितलं. शास्त्रज्ञांनी समजावलं की एवढा पाऊस पाडायची ऐपत विमानभर मिठात नसते. आखातावरून आलेली ती भलीमोठी वादळी प्रणाली चार-पाच देशांत पडून गेली होती. पण ऐकतो कोण? पूर माणसाने पाडला असं मानण्यात एक सुख आहे. निदान कुणाच्या तरी हातात काहीतरी आहे, असं वाटतं.

आपल्याकडे हे सुख महाग पडलं होतं. २०१९मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पाऊस पाडायला तीस कोटी मंजूर झाले. ऑगस्टमध्ये विमान औरंगाबादेहून उडालं, ढग शोधत फिरलं. नेमक्या त्याच दिवसांत सांगली-कोल्हापुरात लोक गच्च्यांवर बसून नैसर्गिक पावसापासून सुटका करणाऱ्या बोटींची वाट पाहत होते. एकाच मंत्रालयात एका टेबलावर ‘पाऊस पाडा’ची फाइल आणि शेजारच्या टेबलावर ‘पाणी सोडू नका, थांबवा’ची फाइल. मधल्या शिपायाने दोन्ही एकावर एक ठेवली असती तर सरासरी तिथल्या तिथे निघाली असती.

सरासरी हा या सगळ्या व्यवहाराचा आत्मा आहे. २०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महिन्याची तूट छत्तीस टक्के. पण जुलैत तेरा टक्के जास्त पडलेला होता, सप्टेंबरात पुन्हा तेरा टक्के जास्त पडला, आणि चार महिन्यांची बेरीज चौऱ्याण्णव टक्क्यांवर जाऊन टेकली. चौऱ्याण्णव टक्के! एवढ्या मार्कांना आपल्याकडे पेढे वाटतात. फक्त सोयाबीनला ऑगस्टमध्ये लागणारं पाणी सप्टेंबरात घेऊन साठवून ठेवायची अक्कल नसते, आणि तुरीला बेरीज येत नाही. त्या वर्षी राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि आणखी १,०२१ महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. तिथे विहीर कोरडी असते, पण सदृश कोरडी असते.

आता जरा समुद्रापलीकडे. ब्राझीलने २०२४मध्ये कमाल केली. मे महिन्यात दक्षिणेचं रिओ ग्रांदे दो सुल हे राज्य बुडालं. पोर्तो अलेग्रे शहराचा विमानतळ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. एक घोडा पत्र्याच्या छपरावर चार पाय कसेबसे टेकून उभा होता, त्याला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. आणि त्याच वर्षी, त्याच देशाच्या उत्तरेत, मानाउसला रिओ नेग्रो नदी १९०२पासूनच्या नोंदींतल्या सर्वांत खालच्या पातळीला गेली. अॅमेझॉनच्या जंगलात गावोगावच्या होड्या चिखलात रुतल्या. देशाची सरासरी काढली तर ब्राझीलला काही झालंच नाही.

पोर्तो अलेग्रेची गोष्ट आपल्या माणसाला ऐकवावीशी आहे. तिथे १९४१ साली असाच महापूर आला होता. मग शहराने बांध घातले, पंप बसवले, नदीकाठाने काँक्रीटची भिंत उभारली आणि तिला लोखंडी दारं ठेवली. पुढे कित्येक वर्षं पूर आला नाही. तेव्हा भिंतीमुळे नदी दिसत नाही, ती पाडून टाका, असा वाद सुरू झाला. भिंत वाचली. देखभाल मात्र वाचली नाही. २०२४मध्ये नदी आली तेव्हा दारं गळली, पंप बंद पडले, आणि नदी सगळ्यांना घरबसल्या दिसली.

पनामात उलटा प्रकार. तिथला कालवा समुद्राच्या पाण्यावर चालतो असा आपला शाळेपासूनचा समज. प्रत्यक्षात तो चालतो गातून तलावात साठलेल्या पावसाच्या गोड्या पाण्यावर. एक जहाज वर चढवून पलीकडे उतरवायला सुमारे वीस कोटी लिटर पाणी लागतं आणि ते शेवटी समुद्रात जातं. पनामा शहर पितं त्यातलंही काही याच तलावाचं. २०२३चा ऑक्टोबर तिथे १९५०पासूनचा सर्वांत कोरडा ऑक्टोबर निघाला. रोज छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजं डिसेंबरात बावीसवर आली. दोन्ही महासागरांत जहाजांची रांग लागली, आणि जिथे रांग आली तिथे रांग मोडायची खिडकीही आलीच. रांगेतली जागा लिलावात निघाली. एका जपानी कंपनीने पुढे जायला सुमारे चाळीस लाख डॉलर मोजले. ही रक्कम नेहमीच्या टोलच्या वर, बरं का. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी अभ्यासदौरा काढावा असं ठिकाण आहे.

इटलीने तर दोन टोकांत वर्षभराचंही अंतर ठेवलं नाही. २०२२च्या उन्हाळ्यात पो नदीत वाळूचे पट्टे उघडे पडले, सत्तर वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ म्हणून आणीबाणी लागली. मे २०२३मध्ये त्याच खोऱ्यातल्या एमिलिया-रोमान्यात वीसच्या वर नद्या पात्राबाहेर पडल्या. दुष्काळाने कडक झालेली जमीन पाणी पीत नाही, ढकलून देते. दुष्काळ हा पुराचा पूर्वतयारी विभाग आहे, एवढं त्यातून समजलं तरी पुष्कळ.

शास्त्र फारसं अवघड नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे पाऊस रोखून धरायची क्षमता वाढते आणि सोडायचा झाला की एकदम सोडायचीही. वर बसलेल्या खात्याची मंजूर तरतूद सात टक्के वाढली आणि वाटपाचे दिवस कमी झाले, असं समजा. तापमान कुणी वाढवलं, यावर दर वर्षी एका नव्या शहरात आंतरराष्ट्रीय परिषद भरते आणि मसुद्यातल्या एका क्रियापदावर पहाटेपर्यंत चर्चा चालते. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

व्हॅलेन्सियावर मात्र थांबायला हवं. स्पेनमधल्या या शहराने १९५७ साली महापूर भोगला. मग त्यांनी एक धाडसी काम केलं: तुरिया नदीच शहरातून उचलून दक्षिणेकडे वळवली. जुन्या पात्रात आज बागा आहेत, सायकलींचे रस्ते आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा तसाच पाऊस आला. तुरीस या गावी चोवीस तासांत ७७१ मिलिमीटर पडला. २६ जुलै २००५च्या सांताक्रूझचा आकडा ९४४ होता, म्हणजे मुंबईकराला कल्पना येईल. वळवलेल्या नदीने शहर वाचवलं. पण शहराच्या दक्षिणेला, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या काठी वाढलेली पायपोर्तासारखी गावं गेली. त्या प्रांतात सव्वादोनशेच्या वर माणसं दगावली.

आता वेळापत्रक बघा. स्पेनच्या हवामान खात्याने लाल इशारा दिला सकाळी साडेसातच्या सुमारास. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने तर आदल्या संध्याकाळीच सुट्टी जाहीर केली होती. प्रादेशिक सरकारचे प्रमुख कार्लोस मासोन यांनी दुपारी सांगितलं की सायंकाळी सहापर्यंत जोर ओसरेल. नंतर ते एका उपाहारगृहात जेवायला बसले, आणि ते दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत चाललं. नागरिकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा वाजला रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी. तोवर गावांतून पाणी घरांत शिरून तास-दीड तास झाला होता. ‘प्रवास टाळा’ हा संदेश तळघरातल्या गाड्यांच्या टपांपर्यंत पोचलेल्या पाण्यात वाजला. मासोन यांनी राजीनामा जाहीर केला तो नोव्हेंबर २०२५मध्ये. इशाऱ्याला जेवढे तास लागले त्याच्या हिशेबाने वेळेतच म्हणायचा.

या सगळ्या ठिकाणी नंतर एक समान विधान झालं: पाऊस अभूतपूर्व होता. दुबईत एक वेळ मान्य करू. तिथे नोंदीच १९४९पासूनच्या आहेत. पण १९५७ आणि १९४१ भूतकाळात येत नाहीत का? मुंबईच्या नाल्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३चा आहे. तो १९८५च्या पुरानंतर तयार करायला घेतला, २००५च्या पुरानंतर कपाटातून बाहेर आला. (ते कपाटही बहुधा कुठल्यातरी मार्चमध्येच घेतलेलं असणार.) नाल्यांची क्षमता ताशी पंचवीसवरून पन्नास मिलिमीटर करायची, एवढंच त्याचं म्हणणं. दुबईने पुरानंतर दोन महिन्यांत तीस अब्ज दिऱ्हॅमची गटारयोजना मंजूर केली. आम्ही २६ मे २०२५ रोजी, मान्सून नेहमीच्या ११ जूनऐवजी सोळा दिवस आधी आला तेव्हा, नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी भरून दाखवलं. अत्रे असते तर दहा हजार वर्षांत असं स्थानक झालं नाही, असं गर्जले असते.

मराठवाड्याला हा मार्चअखेर सर्वांत जुना ठाऊक आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पाठोपाठ रेल्वेचं चार कोटींचं बिल गेलं. आम्ही पैसे मागितले नव्हते, प्रशासनानेच आकडा विचारला म्हणून कळवला, असा खुलासाही झाला. त्याच वर्षी पावसाळा सरताना त्याच जिल्ह्यात पूर आला. बिल पाण्याचं असतं तर तेव्हा परतफेड करता आली असती.

आणि २०२५चा सप्टेंबर. धाराशिव, बीड, सोलापूर, सीनेचं खोरं. जिथे हेलिकॉप्टर फक्त निवडणुकीत उतरतं तिथे ते माणसं उचलायला आलं. पाणी थोडं उतरल्यावर बांधावर तलाठी पोचले (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, चिखल त्याने कमी होतो). सोयाबीन काळं पडलेलं, शेंगांतच कोंब फुटलेले. ‘जरा आत जाऊन उभे राहा, आप्पा. पीक हातात धरा. नाही, असं नाही, पाणीपण दिसलं पाहिजे.’ आप्पा गुडघाभर गाळात उभे राहतात. चेहरा कसा ठेवायचा हे कुणी सांगत नाही. फोटो निघतो, पण वर चढत नाही, कारण गावचा टॉवर चार दिवस बंद आहे. ‘मंडळात किती पडला?’ हा खरा प्रश्न. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पडला तरच अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आप्पांचं शेत ओढ्यापलीकडे सात कोसांवर. तिथे चौसष्ट भरला असेल तर आप्पांची माती नियमबाह्य वाहून गेली. ओला दुष्काळ जाहीर करा म्हणावं, तर तशी तरतूदच नियमावलीत नाही, असं उत्तर. सवलती मात्र दुष्काळाच्याच देऊ.

एवढ्या सगळ्या देशांत, खात्यांत आणि समित्यांत केलेल्या कामाची जबाबदारी घेतल्याचं एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे, ते भोपाळचं. जुलै २०१९मध्ये पाऊस ओढ देऊ लागला म्हणून तिथे बेडूक-बेडकीचं विधिवत लग्न लावलं. मग पाऊस आला, आणि एवढा आला की शहर हैराण झालं. कुणी समिती नेमली नाही, सरासरी सांगितली नाही, अभूतपूर्व म्हणून हात झटकले नाहीत. ज्यांनी लग्न लावलं होतं त्यांनीच सप्टेंबरात पुन्हा विधिवत त्या जोडप्याचा काडीमोड करून टाकला. दोन महिन्यांत फाइल बंद. वधू-वरांचं म्हणणं नोंदवून घेतलं होतं की नाही, तेवढं बातमीत आलं नाही.