हद्दीवरून एक पत्र

मुका हेडसेट घडवणारे साहेब,



पत्र कनेरगाव नाक्याहून आहे. एकेकाळी इकडं निजामाचा मुलूख, तिकडं इंग्रजांच्या कारभारातलं वऱ्हाड. त्यामुळं हद्दीचं आम्हाला थोडं कळतं. तुमच्या आभासी जगालाही हद्द आहे म्हणे. भिंत जवळ आली की डोळ्यांसमोर रेघांची जाळी उमटते. सुरेख! मी जन्मांध. पुतण्यानं पुण्याहून आणलेला तुमचा हेडसेट घातला आणि थेट मांडणीवर आदळलो. पितळी डबे खाली आले, तेव्हा कुठं हद्द कळली. निजामाचा नाकेदारसुद्धा ‘थांब’ म्हणून ओरडत असेल हो.

डोळसांचे डोळे झाकून त्यांना जग दाखवायचं, हा तुमचा धंदा. झाकल्या डोळ्यांनी कसं वावरायचं, ते आम्हाला विचारायला तरी यायचं! ट्रक भरलेला की रिकामा, हे मी त्याच्या खडखडाटावरून सांगतो. तुमच्याकडं तर मागून, डोक्यावरून, हवा तिथून आवाज येतो. हातातले कंट्रोलर थरथरतात. मेन्यूनं मात्र मौन धरलंय. शेवटी पुतण्यानंच तो मोबाइलवर बघून वाचून दाखवला. वाचून दाखवायला पुतण्या डब्यात मिळतो का?

अवघड आहे म्हणाल. पण 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘कॅनेट्रोलर’ नावाची काठी केली. आभासी भिंतीला टेकली की कमरेला बांधलेला ब्रेक तिला अडवतो, काठी थरथरते, ठोक्याचा आवाजही येतो. पुढच्याच वर्षी ‘सीइंगव्हीआर’ आलं: अंधुक दिसणाऱ्यांसाठी भिंग, ठळक कडा, मजकूर वाचणारा आवाज अशी 14 साधनं. त्यातली 9 तर तयार ॲपवर परस्पर बसतात, मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. म्हणजे तुमची झोपमोडसुद्धा नाही. ॲपलनं 2024 मध्ये आपल्या हेडसेटमध्ये बोलणारा व्हॉइसओव्हर पहिल्यापासूनच दिला. किंमत 3,499 डॉलर. ती ऐकून आमचं सोयाबीन रडलं, ती गोष्ट वेगळी.

30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ‘जगणं खऱ्या जगातलं, आमचं जग आभासी,’ असं तुमचा वकील म्हणेलच.

हेडसेट सध्या मांडणीच्या वरच्या फळीवर आहे, पोचा पडलेल्या डब्याशेजारी. सुधारणा झाली तर कळवा. फक्त चित्र काढून पाठवू नका.

आपला,
हद्दीबाहेरचा एक गिऱ्हाईक